जुनं गाणं चालणार नाही

आमच्या बैठकीचा नियम एकच, जुनं गाणं म्हणायचं नाही. मग तुम्ही कितीही मोठे शाहीर असा, तुमच्या गाण्यावर अख्खी मिरवणूक नाचलेली असो नाहीतर युट्युबला लाखात व्ह्यूज असोत, इथं बसायचं तर खिशातनं नवा कागद निघाला पाहिजे, नाहीतर मागं बसून झील धरायची (म्हणजे गाणाऱ्याच्या मागून धृपद उचलायचं) आणि चहा प्यायचा. "अर्धवट चालेल का?" हे पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण विचारतोच. चालतं. उलट अर्धवट असलेलंच बरं, ते का हे पुढं येईलच.

जागा म्हणाल तर नाशिकरोडला एका टेलरच्या दुकानावरची खोली. दिवसा तिथं शिलाई चालते, रात्री आठनंतर मशिनी भिंतीला सरकवल्या की मधे सतरंजी पडते. तीसेक माणसं कशीबशी मावतात, ती पण गुडघे जवळ घेऊन. स्टेज नाही, माईक नाही, बॅनर नाही, हारतुरे नाहीत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निवेदक नाही ("आणि आता आपल्यासमोर येत आहेत..." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच उठतं). एक पेटी, एक ढोलकी, दिमडी, टाळ, आणि एका काकांची एकतारी, जिला ते कुणाला हात लावू देत नाहीत. सगळे गोल करून बसतात, ज्याची पाळी त्यानं बसल्या जागेवरनंच म्हणायचं. येणारे कोण तर प्रेसमधनं रिटायर झालेले दोघंतिघं (नाशिकरोडला प्रेस म्हणजे नोटांचा कारखाना, वर्तमानपत्र नाही), रिक्षावाले, एक मराठीचे मास्तर, दोन आशाताई (घरोघर फिरून आरोग्याचा सर्वे करणाऱ्या आशा सेविका), कॉलेजची पोरं, निफाडकडचे एक शेतकरी शाहीर, आणि गायन पार्टीवाले चारपाच जण ज्यांचं पोट खरंच गाण्यावर आहे. मी काही लिहीत नाही. मी झीलकरी. आवाज बरा आहे आणि ताल सोडत नाही, एवढ्यावर मला जागा मिळालेली आहे.

आता कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, स्टेज काय कमी आहेत का. भरपूर आहेत. पण स्टेजवर नव्या गाण्याला कुणी उभं करत नाही हो. चौदा एप्रिलच्या आसपासचे दिवस बघा, गायन पार्ट्यांच्या सुपाऱ्या फुल, एका रात्रीत दोन दोन प्रोग्राम, आणि गायक उभा राहिला रे राहिला की खालनं चिठ्ठ्या सुरू. चिठ्ठीसोबत पन्नासाची नाहीतर शंभराची नोट आणि चिठ्ठीत जुन्या गाण्याचं नाव. गायकाचा पण नाइलाज असतो, नोट आली की गाणं म्हणावं लागतं. त्यातनं एखाद्यानं हिंमत करून "हे माझं नवीन गाणं आहे" म्हणलं की पहिल्या कडव्यालाच मागची पोरं गोळा खायला उठतात. बरं मार्च महिन्यात स्टुडिओत नवी गाणी ढिगानं रेकॉर्ड होतात हे पण खरं, पण ती कुणासमोर म्हणून न बघताच थेट बाहेर पडतात, आणि ते ऐकताना लगेच कळतं, कडवं लांबलेलं असतं, धृपद तोंडात बसत नाही, तेच यमक तीनदा आलेलं असतं. समोर बसून "शाहीर, इथं कंटाळा आला" असं तोंडावर सांगणारं माणूसच नसलं तर दुसरं काय होणार. म्हणून माझं म्हणणं असं आहे की नव्या गाण्याला आधी लहान खोली लागते, जिथं माणसं इतक्या जवळ बसलेली असतात की खोटं खोटं डोलता येत नाही.

आणि हे नाशिकला होतंय यात नवल काहीच नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्याच सुमाराला इथल्याच भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा, म्हणजे गाण्यातनं बाबासाहेबांचा विचार सांगणारा कार्यक्रम, उभा केला आणि गावोगाव नेला. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आजही प्रत्येक शाहीर छाती पुढं काढून सांगतो. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे आमच्या खोलीपासून गाडीवर फार लांब नाही. दादांचा जन्म १९२२ चा. शाळा नाही, मुंबईला जाऊन पडेल ते काम केलं, अक्षरं मोठेपणी शिकले, आणि मग जी गाणी लिहायला लागले ती २००४ मध्ये जाईपर्यंत. हजारोंनी गाणी. आमच्यातले एक काका पोरवयात वामनदादांच्या मागं झील धरायला जायचे, ते सांगतात की दादा नवं गाणं बांधलं की पहिल्यांदा ज्या घरी मुक्काम असेल तिथल्या माणसांना म्हणून दाखवायचे, चुलीजवळ, ओट्यावर, कुठंही. घरातल्या बाईनं भाकरी थापता थापता धृपद उचललं की दादा खुश. काकांच्या सांगण्यात थोडं मीठमसाला असेल, असू दे.

(मधेच एक आठवलं. आमच्यातल्या कॉलेजच्या पोरानं एकदा मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेत गिटारवाले लोक पण असंच करायचे. न्यूयॉर्कला जॅक हार्डी नावाचा एक गाणी लिहिणारा होता, २०११ मध्ये गेला. हाउस्टन स्ट्रीटवरच्या स्वतःच्या फ्लॅटवर तो दर सोमवारी गाणी लिहिणाऱ्यांना बोलवायचा, सगळ्यांना पास्ता करून घालायचा, आणि अट काय तर येताना नवं गाणं आणायचं. पुढं गाजलेली गायिका सुझॅन व्हेगा त्याच कंपूतली. १९८२ पासून त्या लोकांनी फास्ट फोक नावाचं मासिक काढलं, मासिकासोबत चक्क एलपी रेकॉर्ड यायची, ट्रेसी चॅपमन या गायिकेचं सुरुवातीचं रेकॉर्डिंग त्यात आहे. आणि नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे म्हणून नव्वदेक खुर्च्यांची छोटीशी जागा आहे, तिथं १९८५ मध्ये चार गीतकारांनी स्टेज सोडून हॉलच्या मधोमध एकमेकांकडं तोंड करून बसायला सुरुवात केली, आणि ती पद्धत नंतर जगभर गेली. आमचे आप्पा हे सगळं ऐकून म्हणले, "म्हणजे आपल्यासारखीच बैठक की, फक्त भेळभत्त्याच्या जागी पास्ता.")

तर मागच्या बैठकीबद्दल सांगतो, कारण ती डोक्यातनं जात नाहीये.

सुरुवात गणानं होते, आणि गण पण नवाच लागतो. अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशातला गणपतीचा गण बाजूला ठेवून मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन करणारा गण आणला, ते धरून आमच्याकडं दर वेळी नमन कुणाला करायचं हे ज्याची पाळी तो ठरवतो. या वेळी एका रिक्षावाल्या दादानं उठून बघितलं, भिंतीला लागलेल्या मशिनींकडं हात केला आणि सुरू केलं,

"आधी नमन मशिनीला, जिच्या जागंवर बसलो,
तिनं दिवसभर शिवलं, आम्ही रात्रीला उसवलो."

टेलरमामा दारात उभे होते, ते एवढे लाजले की खाली दुकानातच निघून गेले.

मग निफाडचे शाहीर. हे गृहस्थ शेती करतात, कांदा लावतात, आणि लासलगावच्या मार्केटला ट्रॅक्टर घेऊन रात्र रात्र लायनीत उभं राहणं त्यांना पाठ आहे. त्यांचं गाणं अर्थातच कांद्यावर. मी मनात म्हणलं झालं, कांद्यावर आता नवीन काय राहिलंय, प्रत्येक हंगामात भाव पडला की दहा गाणी येतात. धृपद होतं असं,

"रात्रभर ट्रॅक्टर लायनीत उभा, थंडीनं अंग गं गारठलं,
सकाळी लिलाव पुकारला तेव्हा भाडं बी न्हाई गं सुटलं."

चाल चांगली होती, आवाज तर काळी पाचमध्ये खणखणीत, पण आम्ही झील धरायला गेलो आणि दुसऱ्या फेरीला निम्मे लोक पहिल्या ओळीत आणि निम्मे दुसऱ्या ओळीत. शाहिरांनी तिसऱ्यांदा म्हणून बघितलं, तेच. ढोलकीवाला थांबला. थांबणं हे इथं चालतं, स्टेजवर ढोलकी थांबली तर मारामारी होईल. मास्तर म्हणाले की शाहीर तुमचं धृपद नाही हे, हे तर पहिलं कडवं झालं. शाहिरांना पटलं नाही, ते म्हणले लायन आणि लिलाव दोन्ही आलं पाहिजे. पाच दहा मिनिटं नुसती वादावादी. शेवटी एकतारीवाले काका, जे एरवी बोलत नाहीत, त्यांनी नुसतं गुणगुणल्यासारखं म्हणलं, "रात सरली लायनीत, भाडं बी न्हाई सुटलं." बास. एवढंच. सगळी खोली एका दमात उचलून धरली, खाली दुकानात मामांनी पण धरलं, जिन्यातनं ऐकू आलं.

पण खरी मजा पुढं झाली. तीन कडवी झाली, दलाल आला, सरकार आलं, निर्यातबंदी आली, शाहीर रंगात आलेले, आणि एक आशाताई मधेच म्हणल्या, "शाहीर, ट्रॅक्टर तुम्ही नेला. कांदा काढला कुणी?" शाहीर म्हणले, "काढला की आम्ही सगळ्यांनी." ताई म्हणल्या, "सगळ्यांनी म्हणजे कुणी?" आता शाहिरांची मंडळी काही तिथं नव्हत्या, पण शाहिरांचा चेहरा असा झाला की जणू त्या दारातच उभ्या आहेत. पेटीवाल्यानं तेवढ्यात गाण्याचीच चाल धरली, अर्धा सूर खाली घेऊन, आणि मग लोकांनी ओळी टाकायला सुरुवात केली, एकानं अर्धी, दुसऱ्यानं अर्धी, पोरांनी काहीतरी भलतंच, ते सगळ्यांनी हाणून पाडलं. शेवटी जे ठरलं ते असं,

"तुमचं भाडं तुम्ही मोजलं, माझी मजुरी कोण धरी?
लागण माझी, काढणी माझी, नाव तुमचं पट्टीवरी!"

पट्टी म्हणजे मार्केटची हिशेबपट्टी, ती शेतकऱ्याच्या म्हणजे घरातल्या पुरुषाच्या नावानंच फाटते. ही दोन ओळींची गोष्ट, पण गाणं एकदम उभं राहिलं, आधी नुसतं रडगाणं होतं, आता त्यात सवाल-जवाब आला, भांडण आलं, आणि भांडण आलं की लोकं ऐकतात. आता हे कडवं कुणाचं? निफाडच्या शाहिरांचं, ताईंचं, पेटीवाल्याचं की त्या अर्ध्या ओळी टाकणाऱ्यांचं? अर्धवट गाणं आणा असं आम्ही का म्हणतो ते आता कळलं असेल. पूर्ण गुळगुळीत करून आणलेल्या गाण्यात बोट घालायला जागाच नसते, मग लोक वा वा म्हणतात आणि पुढच्याकडं वळतात.

नंतर त्याच आशाताईंची पाळी. त्यांनी पेटी नको म्हणलं, ढोलकी पण नको. ओवीच्या चालीवर, जात्यावरची असते तशी, अगदी साध्या आवाजात,

"पहिली माझी ओवी गं, पहिल्या घराला,
कडी वाजवून थकले, कुलूप मनाला.
दुसरी माझी ओवी गं, दुसऱ्या घरच्या दारी,
पाणी वरनं ओतलं, तांब्या राहिला दुरी."

सर्वेच्या रजिस्टरमध्ये जशी घरं येतात तशा ओव्या, घर नंबर एक, घर नंबर दोन. सहाव्या घरात बाळंतीण, सातव्या घरात म्हातारी जी औषध घेत नाही पण गप्पा मारायला सोडत नाही, नवव्यात मानधन कधी वाढणार म्हणून ताईंनाच विचारणारा पुढारी. विनोद पण होता त्यात, लोक हसत होते, पण त्या दुसऱ्या घराच्या ओवीवर कुणी हललं नाही. ओव्या म्हणलं की आपल्याला वाटतं जुनं काहीतरी, आजीचं, पुस्तकातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावातनं लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या पण भरपूर आहेत, म्हणजे बायका ज्या त्या काळाचं नवं ओवीत घालतच होत्या, जातं गेलं म्हणून ओवी गेली असं आपणच ठरवून टाकलं. ताईंना मी नंतर विचारलं की हे कधी सुचलं, तर म्हणल्या चालता चालता, पायाचा ताल असतो ना.

सगळंच असं भारी होतं असं अजिबात नाही हां. एका पार्टीवाल्या दादानं वॉर्डातल्या कुठल्यातरी भावी नगरसेवकावरचं गाणं आणलं होतं, पैसे घेऊन लिहिलेलं, "नवीनच आहे की" म्हणून. नियमानं त्याला नाही म्हणता येईना. म्हणलं त्यानं. कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचा श्वास. आम्ही झील पण धरली. संपल्यावर आप्पांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "नाव बदललं तर दुसऱ्या पक्षाला चालेल का?" तो म्हणला, "मात्रा सारख्या पाहिजेत फक्त." खोली फुटली हसून. पण त्याचं पण काय चुकतं, वर्षातनं गाण्याचा सीझन किती दिवसांचा, आणि वृद्ध कलावंत मानधन मिळायला आधी वृद्ध व्हावं लागतं, मधली वर्षं काय खायचं. अजून एक दोन गाणी बाबासाहेबांवरची होती ज्यात सूर्य, अंधार, क्रांती, ज्वाला सगळं होतं आणि तरी आत काहीच नव्हतं. ती मी सोडून देतो.

वाद जो पेटला तो सिनेमाच्या चालीवरनं. एका रिक्षावाल्याचं गाणं शब्दांना फार छान होतं, रमाईवर, पण चाल एका हिट हिंदी गाण्याची जशीच्या तशी. मास्तर ताडकन म्हणले हे नवं गाणं नाही. का नाही? तर चाल उसनी आहे. मग दोन तट. एक तट म्हणतो वामनदादांनी १९४३ मध्ये पहिलं गाणं बांधलं तेच मुळी एका हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवरचं विडंबन, तेव्हा मास्तर तुम्ही दादांना पण बाहेर काढा. शिवाय चाल ओळखीची असली की लोक पहिल्या फेरीलाच धरतात, शब्द थेट पोचतात, ज्याच्याकडं ना वाद्य ना संगीतकार त्यानं करायचं काय. दुसरा तट म्हणतो की तेव्हा ठीक होतं, आता तेच गाणं युट्युबला टाकलं की कंपनीचा कॉपीराइट क्लेम येतो, गाणं तुमचं आणि पैसे त्यांचे, आणि ते सोडा, लोकांच्या डोक्यात हिरोईनच नाचते, रमाई येतच नाही. मला स्वतःला दुसरं पटतं. पण त्या रिक्षावाल्या दादाचं उत्तर पण ऐकण्यासारखं होतं, तो म्हणला, "मास्तर, माझ्या डोक्यात गाणं येतं तेच रिक्षातल्या स्पीकरमधनं येतं, आता माझ्या रिक्षात भैरवी कुठनं आणू?" एकतारीवाल्या काकांनी मग मधला रस्ता काढला, शब्द तेच ठेवून त्यांनी ते पाळण्याच्या चालीवर म्हणून दाखवलं. कडवं तिथल्या तिथं बदललं, लांब शब्द आपोआप गळून पडले. दादा मान्य करेना, म्हणे संथ झालं. पुढच्या बैठकीला दोन्ही चालीत म्हणून बघायचं असं ठरलंय, पण मला वाटतं तो पहिल्याच चालीला चिकटणार.

रेकॉर्डिंगला बंदी आहे, आणि त्यावरनं पोरं दर वेळी भांडतात. बंदी का, तर मागं इथलंच एक गाणं कुणीतरी मोबाईलमध्ये घेतलं आणि दोन महिन्यात ते भलत्याच नावानं बाहेर आलं. जुन्या शाहिरांकडं यावर उपाय होता, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं, वामनदादांच्या गाण्यात शेवटी "वामन" येतोच. पण गाणारा हुशार असला की शेवटचं कडवंच गाळतो, वेळ नाही म्हणून. म्हणून आप्पांचा सल्ला असा की नाव शेवटी घालूच नका, मधल्या कडव्यात घाला, यमकात अडकवून, म्हणजे काढलं की गाणं लंगडं होईल! यावर एक पोरगी म्हणली की पण आप्पा, कडूबाई खरात एकतारीवर गाताना कुणीतरी मोबाईलवर घेतलं म्हणून तर त्या सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाल्या, आपण दार लावून बसलो तर आपली गाणी खोलीतच मरतील. आप्पा म्हणले, अगं बाई त्या आधी किती वर्षं दारोदार गात होत्या, ते गाणं हजार दारांवर घासून आलेलं होतं, आपलं आत्ता तास झाला जन्मून. मुद्दा दोघांचा बरोबर आहे. सध्या असं चालू आहे की गाणं तीन बैठका टिकलं की मग ज्याचं त्यानं काय ते करावं.

शेवटून दुसरा नंबर एका नव्या पोराचा होता, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, दिवसा कॉलेज म्हणून घरनं निघतो आणि संध्याकाळी फूड डिलिव्हरी करतो. रॅप करणार म्हणला. मोबाईलवर बीट लावला, आणि त्या बीटच्या आवाजात त्याचा शब्दच कुणाला कळेना. ढोलकीवाला म्हणला ते बंद कर, कितीत आहे सांग. पोराला कितीत म्हणजे काय तेच कळेना. ढोलकीवाल्यानं बीट कानाला लावून ऐकला आणि म्हणला केरवाच आहे की हा, आठ मात्रा, उगाच इंग्लिश बोलतोय. मोबाईल खिशात, दिमडी सुरू, आणि पोरगं सुरुवातीला दोनदा अडखळलं आणि मग जे सुटलं,

"ऑर्डर आली, गाडी काढली, पत्ता सातव्या माळ्याचा,
लिफ्ट चालू, बोर्ड लावला, रस्ता तुमचा जिन्याचा!"

शेवटचं "रस्ता तुमचा जिन्याचा" आम्ही सगळ्यांनी उचललं, त्यानं सांगायच्या आधीच, आणि त्याला ते अपेक्षितच नव्हतं, रॅपमध्ये झील कोण धरतं, तो थांबून बघायलाच लागला. आप्पा ओरडले, थांबू नको, पुढचं घे! पुढचं म्हणजे मजले चढत जातो तसं एकेक मजल्याचं एकेक कडवं, तिसऱ्या मजल्यावर कुत्रं, पाचव्यावर वॉचमनचा फोन, आणि सातव्यावर दार उघडणारा त्याच्याच वर्गातला मुलगा. तिथं गाणं संपत होतं, अचानक. कुणीतरी म्हणलं पुढं काय झालं ते लिही. आशाताई म्हणल्या, काही लिहू नको, एवढंच ठेव. मला पण तसंच वाटलं. त्यांच्या दुसऱ्या घराची ओवी आणि याचा जिना, दोघं एकमेकांना ओळखत पण नव्हते, एक गावाकडच्या वाड्या-वस्त्या फिरून आलेली आणि एक गंगापूर रोडच्या टॉवरमधनं, पण शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन गाणी मी कुठल्याही जयंतीच्या स्टेजवर एकापाठोपाठ ऐकायला तयार आहे. स्टेजवाले घेतील का हा वेगळा प्रश्न.

निफाडच्या शाहिरांनी मात्र धीर केला. परवा त्यांच्या भागात एका हळदीच्या कार्यक्रमात त्यांनी कांद्याचं गाणं काढलं, तीन फर्माइशी पूर्ण करून, लोक जेवून सुस्तावलेले असताना. मला फोन करून सांगत होते की धृपद पुरुषांनी उचललं, पण बायकोचं कडवं त्यांनी स्वतःच बाईच्या आवाजात म्हणलं तेव्हा मांडवातल्या बायकांनी पदर तोंडाला लावून हसायला सुरुवात केली, गाणं तमाशातल्या नाच्यासारखं व्हायला लागलं आणि बाण काही लागला नाही. त्यामुळं आता त्यांचं पक्कं ठरलंय की ते कडवं बाईनंच म्हणायचं. मंडळींना विचारलं तर त्या म्हणल्या तुमच्या गाण्यात पण मीच राबू का. मग आशाताईंना फोन लावला. ताई म्हणल्या, येते की, पण सर्वे संपू दे, आणि सुपारीचे निम्मे पैसे माझ्या नावानं.